जज रिंडल यांचं सोमवारचं मत

१

सोमवार, दुपारचे सव्वाबारा. टॅलमन गावात कॉटनवुड रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घरात संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश ऑगस्ट रिंडल आपल्या अभ्यासिकेत मृत सापडले. वय एक्याऐंशी. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते. मांडीवर घोंगडी होती, पायाशी गॅसची शेगडी पूर्ण पेटलेली होती. शेजारच्या तिपाईवर एक टॅब्लेट आणि कॉफीचा कप होता.

त्यांना पाहिलं ते त्यांच्या सचिव लॉर्ना फायफर यांनी. त्यांनी आधी शेगडी बंद केली, मग शेरीफला फोन केला.

काउंटीचा कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, रॉय ग्रीबल हाच गावातली अंत्यविधीची कामंही करतो. त्यानं मिनिटभर वाकून पाहिलं.

"हृदय. झोपेत गेले. असं मरण मागून मिळत नाही."

"केव्हा गेले?" शेरीफच्या माणसानं विचारलं.

"सकाळी कधीतरी. कॉफी केलीय, म्हणजे सकाळ पाहिलीच की त्यांनी."

अंगाच्या उबेवरून काही ठरवणं शक्य नव्हतं. शेगडीमुळे खोली भट्टीसारखी तापली होती. नंतर राजधानीतल्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं: रविवारची रात्र की सोमवारची सकाळ, सांगता येत नाही.

एरवी गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच सकाळी पावणेदहाला, रिंडल ज्या तिघांच्या पीठावर होते त्या पीठानं डॅरिल मोट्सच्या मृत्युदंडाला स्थगिती दिली होती. घर पेटवून बायको आणि सासूला मारल्याचा आरोप मोट्सवर सिद्ध झाला होता. संध्याकाळी सहा वाजता त्याला सुई टोचायची सगळी तयारी झाली होती. स्थगिती मिळाली ती दोन विरुद्ध एक अशी. त्या दोनांतलं एक मत रिंडल यांचं.

बुधवारी राज्याच्या वकिलांनी न्यायालयाला एकच प्रश्न विचारला. आदेश निघाला त्या क्षणी न्यायाधीश रिंडल जिवंत होते का?

नियम साधा आहे. संघीय न्यायाधीशाची नेमणूक आयुष्यभरासाठी असते, त्यापुढे एक मिनिटही नाही. आदेश निघताना तो जिवंत नसेल तर त्याचं मत मोजत नाहीत. मग उरतं एकास एक. बरोबरी झाली की खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम राहतो, आणि खालच्या न्यायालयानं मोट्सला नकार दिला होता.

त्या दुपारी सर्किटच्या, म्हणजे त्या अपील न्यायालयाच्या, मुख्य न्यायाधीशांनी निवृत्त जिल्हा न्यायाधीश बर्निस टिडवेल यांना फोन केला.

"बर्निस, ऑगस्ट सोमवारी सकाळी जिवंत होता का, एवढं शोधून दे."

"आणि नसला तर?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"तर त्याच्या नावानं मत कुणी दिलं, ते."

२

बर्निस टिडवेल सत्तरीच्या. खालच्या न्यायालयात त्यांनी चोवीस वर्षं काढली होती, आणि त्या काळात रिंडल यांनी त्यांचे अनेक निकाल फिरवले होते. "फार सभ्यपणे फिरवायचा," त्या म्हणायच्या. "तेच जास्त लागायचं."

रिंडल धान्याच्या कोठारावर वजन करणाऱ्या माणसाचे चिरंजीव. आधी काउंटीचे सरकारी वकील, मग खालच्या न्यायालयात न्यायाधीश, पन्नाशीला आले तेव्हा अपील न्यायालयात. मुख्यालय नदीकाठच्या शहरात, गाडीनं पाच तासांवर. रिंडल सुनावणीपुरते तिकडे जायचे. त्यांचं कार्यालय मात्र टॅलमनमध्येच, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. निकाल छोटे लिहायचे. मृत्युदंडाची प्रकरणं आली की बहुतेक वेळा शिक्षा कायम करायचे. गेल्या एप्रिलमध्ये पत्नी सोल्वेग गेल्यावर त्यांनी 'ज्येष्ठ दर्जा' घेतला, म्हणजे अर्धी निवृत्ती. काम कमी, पगार तोच.

लॉर्ना फायफर त्या कार्यालयात सव्वीस वर्षं होत्या. बर्निस गेल्या तेव्हा त्या जजांचा काळा झगा इस्त्री करत होत्या.

"आता हा कुणाला घालायचाय?" बर्निस म्हणाल्या.

"कुणाला नाही. पण चुरगळलेला झगा मी या दारातून बाहेर जाऊ दिलेला नाही, जज टिडवेल, आणि आजही देणार नाही."

"बरोबर आहे. बसू का?"

"तुम्ही आमची उलटतपासणी घ्यायला आलाय. बसा, नाहीतर उभ्या राहा."

बर्निस बसल्या. सोमवारी सकाळी आठला लॉर्नांनी नेहमीसारखा घरी फोन केला होता. उचलला नाही. मग जजांच्या टॅब्लेटवरून निरोप आला: कामात आहे, दुपारी ये.

"आणि तुम्ही दुपारीच गेलात."

"सव्वीस वर्षं ते म्हणतील तेव्हाच गेले मी." लॉर्नांनी इस्त्री उभी ठेवली. "आठला गेले असते तर, हे मी रोज स्वतःला विचारते. तुम्ही विचारायची गरज नाही."

"ते नाही विचारत. कॉफीचं सांगा."

लॉर्नांचा चेहरा बदलला. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"हे मी शेरीफला बोलले नाही. जजना कॉफी बंद होती. तीन वर्षं झाली, डॉक्टरांनी सक्त सांगितलेलं. जवाचं पाणी प्यायचे, तोंड वाकडं करून. मला वाटलं चोरून केली असेल. शेवटची सकाळ होती, पिऊ दे म्हटलं. कशाला गावाला सांगायचं?"

"कसली कॉफी होती?"

"अंड्याची. चर्चमध्ये करतात तशी. पातेल्यात अंडं फोडलेलं, टरफल सिंकमध्ये. मिसेस रिंडल करायच्या अगदी तशी."

"जज स्वतः करायचे कधी?"

"ते?" लॉर्ना पहिल्यांदाच हसल्या. "पाणी उकळलं की नाही हेसुद्धा ओरडून विचारायचे."

"कपात किती उरली होती?"

"काठोकाठ. एक घोटही घेतलेला नव्हता."

बर्निसनी मनात जुळवून पाहिलं. ज्यांना कॉफी करता येत नव्हती आणि पिताही येत नव्हती, त्यांच्या शेजारी भरलेला कप होता. तो कुणीतरी आणून ठेवला होता. आणि त्या माणसाला डॉक्टरांचं काही ठाऊक नव्हतं.

३

जजांकडे दरवर्षी कायद्याची पदवी घेतलेला एक नवा सहायक येतो आणि वर्ष संपलं की जातो. यंदाचा रूबेन साल्सेडो, वय सत्तावीस. रविवारी जजना शेवटचं पाहिलं ते त्यानं. मोट्सला स्थगिती मिळावी म्हणून तो जजांशी आठवडाभर वाद घालत होता, आणि हे मुख्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. जजांच्या आधी संगणकाचं, आता टॅब्लेटचं कुलूप वर्षानुवर्षं एकाच शब्दाचं होतं: सोल्वेग. कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

"वकील बोलावू का मी?" त्यानं बसायच्या आधीच विचारलं.

"वकिली शिकलायस ना? तू काय सल्ला देशील स्वतःला?"

"गप्प बस म्हणेन."

"चांगला सल्ला. फीही लागत नाही. आता रविवारचं सांग."

रूबेननं सांगितलं. दुपारभर तो कॉटनवुड रस्त्यावर होता. मोट्सची कागदपत्रं वाचून झाल्यावर जजांनी त्याला तळघरातून एक जुना खोका आणायला लावला. पर्व्हिस प्रकरण.

पर्व्हिस हे नाव त्या न्यायालयात कुणी मोठ्यानं घेत नाही. बावीस वर्षांपूर्वी तोही असाच, आग लावून खून केल्याच्या आरोपात दोषी ठरला होता. साक्ष देणारा आगीचा तज्ज्ञ तोच, जो पुढे मोट्सविरुद्ध उभा राहिला. पर्व्हिसला स्थगिती नाकारली ती दोन विरुद्ध एक, आणि निकालावर नाव होतं रिंडल यांचं. पर्व्हिसला मारलं. काही वर्षांनी त्या तज्ज्ञाची सगळी पद्धतच खोटी ठरली. रिंडल त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

"खोका वाचून काय म्हणाले?"

"काही नाही. खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, तू जा आता."

"एवढंच?"

रूबेन आपल्या नखांकडे पाहत राहिला.

"साल्सेडो, मी चोवीस वर्षं लोकांना खोटं बोलताना पाहिलंय. तुला ते जमत नाही. जन्मात जमणार नाही. बोल."

"म्हणाले, जेवायला कुणीतरी यायचंय."

"हे शेरीफला का नाही सांगितलंस?"

"मॅडम, प्रकरण चालू असताना बाहेरच्या माणसाला घरी बोलवून त्या प्रकरणाबद्दल बोलायचं... न्यायाधीशाला ते चालत नाही. जजांच्या नावाला डाग लागला असता."

"म्हणजे तू जजना वाचवत होतास."

"हो."

"ते गेले, बाळा. आणि डाग तुझ्या अंगावर उडायला लागलेत. कोण येणार होतं?"

"नाव नाही सांगितलं. सोमवारी सकाळी मी मताचं विचारायला निरोप पाठवला. उत्तर आलं: मी घरूनच पाठवतो. त्यानंतर आदेश निघाला. मला आनंद झाला होता, मॅडम. मी खाली पोस्टात जाऊन अक्षरशः नाचलो. आणि ते तेव्हा तिथे..."

त्यानं तोंड फिरवलं. बर्निसनी खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर आल्या. मुलगा खोटं बोलत नव्हता असं त्यांना वाटत होतं. पण वाटण्यावर त्यांनी कुणाला कधी सोडलं नव्हतं, आणि सोमवारच्या सगळ्या गोष्टी त्याच्याच विरुद्ध जात होत्या.

४

मोट्सच्या पीठावर रिंडल यांच्याबरोबर दोघं होते. अध्यक्ष कॅल्व्हिन स्ट्रँड, स्थगितीच्या विरुद्ध. ओडेट मार्श, स्थगितीच्या बाजूनं. स्ट्रँड फोनवर भेटले. आवाज दमलेला होता.

"कॅल्व्हिन, सोमवारी मतं कोणत्या क्रमानं आली?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"उत्तर देताना प्रश्न विचारायचा नसतो. तूच मला न्यायासनावरून ऐकवलं होतंस एकदा."

स्ट्रँड सांगू लागले. अपील न्यायालयात मत देण्याचा एक जुना रिवाज आहे. सगळ्यात खालच्या मानाचा न्यायाधीश आधी मत देतो, सगळ्यात वरचा शेवटी. धाकट्यांनी थोरल्याचं पाहून मान डोलवू नये म्हणून. रिंडल कित्येक वर्षं वर होते, त्यामुळे शेवटी मत द्यायचे.

"पण ज्येष्ठ दर्जा घेतला की माणूस रांगेत सगळ्यांच्या खाली जातो," स्ट्रँड म्हणाले. "नाव मोठं, जागा खाली. एप्रिलपासून ऑगस्ट आधी मत देत होता. प्रत्येक वेळी. पहिल्या बैठकीत मी संकोचानं गप्प बसलो, तर तोच म्हणाला, 'काय रे कॅल्व्हिन, आता मी इथलं शेंडेफळ. माझं आधी ऐक.' सगळे हसले होते."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी त्याचं मत येईना. आम्ही दोघं थांबलो होतो. वेळ जात होता. मी निरोप पाठवला, ऑगस्ट, तुमच्यासाठी थांबलोय. त्यानं उत्तर दिलं: नेहमीसारखं होऊ दे. आधी मार्श, मग तुम्ही, मी शेवटी."

"तुला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. सोल्वेग गेल्यापासून तो थोडा हरवलेला होता. मला वाटलं, विसरला म्हातारा, जुन्या दिवसांत गेला. माणसाला त्याच्या खालच्या जागेची आठवण कशी करून द्यायची, बर्निस? मी गप्प बसलो. मार्शनी हो म्हटलं, मी नाही म्हटलं. मग त्याचं आलं, मार्श यांच्याशी सहमत."

बर्निसनी फोन ठेवला आणि त्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर परत गेल्या. लॉर्ना आणि रूबेन दोघंही तिथेच होते, एकमेकांकडे न बघता.

"एप्रिलपासून जजांची मतं पीठाला कोण पाठवायचं?"

"मी," लॉर्ना म्हणाल्या. "मसुदा हा करायचा, पाठवायचे मी."

"आधी की शेवटी?"

"आधी," दोघंही एकदम म्हणाले.

"अहो, त्यावरून आमची धावपळ व्हायची," लॉर्ना म्हणाल्या. "पूर्वी निवांत असायचं, बाकीच्यांचं येईपर्यंत. आता जजांचा घोशा, माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही."

"मग तुम्ही दोघं सुटलात," बर्निस म्हणाल्या. "सोमवारी ज्यानं उत्तर दिलं त्याला हे ठाऊक नव्हतं. जज विसरले म्हणावं, तर कॉफीचं काय? जो कॉफी देतो त्याला डॉक्टरांचं माहीत नाही. जो मत देतो त्याला एप्रिल माहीत नाही. पण टॅब्लेटचं कुलूप माहीत आहे, मिसेस रिंडलची कॉफी येते, आणि न्यायाधीश कोणत्या क्रमानं मत देतात तेही माहीत आहे. फक्त जुन्या वर्षांतलं."

रूबेन हळूच म्हणाला, "जुना सहायक."

"असे किती आहेत?"

"तिसावर," लॉर्ना म्हणाल्या. "उद्या सगळे येतील, दफनाला."

"पर्व्हिसच्या निकालाचा मसुदा कुणी लिहिला होता?"

लॉर्ना फायफर यांनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. त्यांना ती मुलगी आवडायची, असं नंतर त्यांनी सांगितलं.

"कॉनीनं," त्या म्हणाल्या. "कॉन्स्टन्स एबर्ली."

५

गुरुवारी वारा एवढा होता की कबरीपाशी पाद्र्यांचे शब्द पहिल्या रांगेपलीकडे गेले नाहीत. जुने सहायक दोन ओळींत उभे होते, ज्याचं वर्ष आधी तो पुढे. कुणी आता स्वतः न्यायाधीश, कुणी मोठ्या कंपनीचा वकील. सगळे त्यांना अजून नुसतं 'जज' म्हणत होते, जणू दुसरा कुणी न्यायाधीश पृथ्वीवर नाही.

नंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश, हॅमचे सँडविच, हिरवी जेली. बर्निस स्वयंपाकघरात गेल्या. शेगडीवर मोठं पातेलं होतं, आणि अठ्ठेचाळीसच्या आसपासची एक उंच बाई त्यात चमचा फिरवत होती. राज्य विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक एबर्ली. विद्यापीठ टॅलमनपासून दोन तासांवर.

"चर्चच्या बायकांनी तुम्हाला पातेल्याजवळ येऊ दिलं?" बर्निस म्हणाल्या. "मला तर चमच्यालाही हात लावू देत नाहीत."

"मला सोल्वेगनी शिकवलंय. इथे ते पुरतं."

"अंड्याची?"

"हो. कडूपणा जातो सगळा. जजना माझ्या हातची आवडायची."

"शेवटची केव्हा केली त्यांच्यासाठी?"

चमचा फिरत राहिला. "मी इथून गेले त्या वर्षी. बावीस वर्षं झाली."

"मग तुम्हाला माहीत नसेल. त्यांना कॉफी बंद होती."

"बंद?"

"तीन वर्षं. हृदयासाठी. वास घ्यायचे म्हणे, पण पीत नव्हते. कुणी दिलीच तर नाही म्हणून पाहुण्याला ओशाळवाणं करायचे नाहीत. कप तसाच ठेवून द्यायचे."

चमचा थांबला. एबर्लींनी पातेल्यात पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"म्हणून हात लावला नाही."

बाहेर खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि मग अवघडून थांबलं. वर्तमानपत्रांत कपाचा उल्लेख आला होता. तो भरलेला होता, हे लॉर्ना, ग्रीबल, शेरीफचा माणूस आणि बर्निस सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

एबर्लींनी गॅस बंद केला.

"मला वाटलं, माझ्यावर रागावलेत," त्या म्हणाल्या. "रात्रभर मला तेच वाटत होतं."

६

दोघी चर्चच्या मागच्या जिन्यावर बसल्या. एबर्लींनी काही लपवलं नाही.

रविवारी जजांचाच फोन आला होता. बर्फ पडणार होता म्हणून गाडी गॅरेजमध्ये लावायलाही त्यांनीच सांगितलं. जेवण झालं. पर्व्हिसचा खोका उघडा होता.

"मला म्हणाले, कॉनी, हा मसुदा लिहिताना तुला खात्री होती का? मी म्हटलं, नव्हती. म्हणाले, मग लिहिलास का? मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत म्हणून. त्यावर त्यांनी खोका कडेला सारला. मी कॉफी करायला उठले. कप ठेवला, जेवणाची ताटं विसळली. परत आले तर डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. घोंगडी पांघरली."

"केव्हा कळलं?"

"हात धरला तेव्हा. नऊ वाजले असतील रात्रीचे."

"आणि शेगडी वाढवलीत."

"ते सकाळी. आधी नुसती बसून होते. फोन करायला उठत होते, पुन्हा बसत होते. सकाळी आधी फोन वाजला, मग टॅब्लेट. लॉर्ना, मग तो मुलगा, मग स्ट्रँड. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला मत द्यायचं नव्हतं. म्हणून तर म्हटलं, आधी तुम्ही दोघं. दोघांनी स्थगिती दिली असती तर मी लगेच रॉय ग्रीबलला फोन केला असता. स्ट्रँड नाही म्हणाले."

"आणि मग तुम्ही न्यायाधीश झालात."

"डॅरिल मोट्स जिवंत आहे."

"मी ते नाकारत नाहीये. एक विचारते, नीट आठवून सांगा. मोट्सला स्थगिती देणार, असं ऑगस्ट तुम्हाला म्हणाले होते का?"

एबर्लींचे हात कोटाच्या खिशात गेले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, किंवा वाऱ्यानं नसेल.

"मी हो म्हणून सांगू शकते," त्या म्हणाल्या. "तिथे दुसरं कुणी नव्हतं."

"सांगू शकता."

"म्हणाले, झोपून उठतो. सकाळी ठरवतो."

बर्निसनी मान हलवली. रिंडल संध्याकाळी कधी मत द्यायचे नाहीत, हे सगळ्या सर्किटला माहीत होतं.

"ते हो म्हणाले असते, जज टिडवेल. खोका कशाला काढला असता नाहीतर?"

"म्हणालेही असते. नसतेही. त्यांनी माझे निकाल फिरवले तेव्हा दर वेळी मला वाटायचं, या खेपेला फिरवणार नाहीत."

"तुम्ही हे लिहिलंत तर तो मरेल."

"माहीत आहे."

"तुमच्या जागी मी असते तर लिहिलं नसतं."

"म्हणून तर तुमच्या हातात ती जागा कुणी दिली नव्हती," बर्निस म्हणाल्या. हे फार कठोर झालं हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत जाताय? कॉफी निवत असेल."

"तुम्ही घ्याल?"

"घेईन."

शुक्रवारी सकाळी बर्निस टिडवेल यांचा अहवाल मुख्य न्यायाधीशांकडे पोचला. एकच पान होतं. मुख्य न्यायाधीशांनी ते वाचून फोन केला.

"याचा अर्थ तुला कळतोय ना, बर्निस?"

"तुम्ही मला शोधायला सांगितलं होतं. काय सापडावं ते सांगितलं नव्हतं."

त्याच दुपारी सोमवारचा आदेश रद्द झाला. राज्यानं मृत्युदंडाची नवी तारीख मागून घेतली: येता मंगळवार, संध्याकाळी सहा. प्राध्यापक एबर्ली यांना विद्यापीठानं रजेवर पाठवलं आहे. त्यांच्यावर खटला भरायचा की नाही, हे संघीय सरकारी वकिलांनी ठरवलेलं नाही. रूबेन साल्सेडो वर्ष संपण्याआधीच गावी गेला. लॉर्ना फायफर यांनी निवृत्तीचा अर्ज दिला असून पोस्टाच्या वरचं कार्यालय बंद आहे.

मोट्सच्या वकिलांनी स्थगितीसाठी नव्यानं अर्ज केला. पीठावरची रिकामी जागा चिठ्ठी काढून भरण्यात आली. न्यायाधीश मार्श आणि न्यायाधीश स्ट्रँड यांची मतं बदललेली नाहीत, असं न्यायालयातल्या दोघांनी सांगितलं. पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत तिसरं मत आलेलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी मोट्सला त्याच्या कोठडीतून शेवटच्या रात्रीच्या कोठडीत हलवलं, असं तुरुंगाच्या प्रवक्त्यानं सांगितलं. तो शांत आहे. जेवणासाठी त्यानं काही मागितलं नाही. त्यानं एकच विचारलं, नवा न्यायाधीश कोण आहे. आदेश निघेपर्यंत नाव सांगायची पद्धत नाही, असं त्याला कळवण्यात आलं.